शेवटचा हात

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. सख्ख्या भावाला नाही, दुकानातल्या माणसांना नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं मी सोयीचं तेवढंच बोलते. ज्या दोघांना सांगायलाच हवी होती, त्यांना सांगायला मला सात वर्षं लागली. आणि आता तुम्हाला सांगतेय. का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर तुम्हालाही टाळलं असतं.

माझं सोलापुरात चष्म्याचं दुकान आहे. वडिलांचं होतं, मग माझं झालं. आम्ही मूळचे मंद्रूपचे. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि भांडण असलं की सगळं कन्नड. मी लग्न केलं नाही. लोकांना वाटतं त्यामागं काहीतरी कहाणी असणार — कसली कहाणी हो, दुकान होतं! नाव शिवलीला, पण अख्खी पेठ मला अक्का म्हणते आणि माझ्या तोंडाला घाबरून असते. जे आहे ते तोंडावर बोलणारी बाई, अशी माझी ख्याती. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढं हसायला येईल तुम्हाला.

इतरांच्या दुकानांत गॉगल लावलेल्या गोऱ्या पोरींचे फोटो असतात. माझ्या भिंतींवर स्क्रीन प्रिंट आहेत. खालपासून वरपर्यंत. गिऱ्हाईक आधी भिंत बघतं, मग फ्रेम. "ही चित्रं विकायला आहेत का?" असं कुणी विचारलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. विकायला चष्मे आहेत. चित्रं माझी आहेत.

माझी — हा शब्द बघा कसा पटकन येतो तोंडात. त्याच्यापाशीच यायचंय मला. येते. जरा दमानं येऊ द्या.

स्क्रीन प्रिंट म्हणजे काय, ते सोलापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल. लाकडी चौकट असते, तिच्यावर बारीक जाळी ताणलेली. जिथून रंग जायला नको तिथली जाळी इमल्शन लावून बंद करायची. जी उघडी राहील तिच्यातून रबरी पट्टीनं रंग खाली ओढायचा. एकदा ओढलं की एक हात. एका रंगाला एक स्क्रीन. आमच्याकडं टॉवेल, पिशव्या, लग्नपत्रिका, मिरवणुकीचे झेंडे, सगळं असंच छापतात. काम संपलं की ब्लीचनं स्क्रीन धुवायची, चित्र मोरीतून वाहून जातं, आणि त्याच जाळीवर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी लग्न.

चष्मा पुसायच्या फडक्यांवर दुकानाचं नाव छापून घ्यायला मी पहिल्यांदा सोलापूरजवळच्या कुंभारीला गेले. अंबादासमामांची पत्र्याची शेड, समोरच त्यांचं घर. तेलुगू विणकरांच्या घरातला माणूस. मागाचं काम बसलं तेव्हा छपाईत शिरलेला. बायको सत्यम्मा उंबऱ्यात बसून विड्या वळायची आणि आत चाललेल्या प्रत्येक गोष्टीवर बाहेरून शेरे मारायची. मुलगी राजेश्वरी चित्रकला शिकून नुकतीच परत आलेली. बाप टॉवेलवर मोर छापायचा, आणि त्याच टेबलावर, त्याच रंगांत, संध्याकाळी पोरगी स्वतःची चित्रं छापायची. भिंतीला एक चित्र चिकटवलेलं होतं — सूत वाळत घातलेली गच्ची, लाल-निळ्या लडी, आणि मधोमध बेशुद्ध पडल्यासारखं झोपलेलं मांजर. मी फडकी विसरले. ते चित्र घेऊनच घरी आले.

तिथून लागलं हे वेड. शहरातल्या इतर छापणाऱ्यांकडंही जायचे मी, जुने कापडी बोर्ड, झेंडे, काय काय गोळा करायचे. पण जीव राजीच्या चित्रांत. तिचं कौतुक सगळीकडं मीच करत फिरायचे — "आमची राजी." ती मला अक्का म्हणायची आणि अगंतुगं करायची, सख्ख्या बहिणीला करावं तसं. आणि त्या शेडमध्ये दोन नियम होते. पहिला राजीचा: नव्या चित्राचा पहिला चांगला हात अक्काचा. दुसरा मामांचा, फार जुना: स्क्रीन धुवायच्या आधी शेवटचा हात घराचा. जे हाताशी सापडेल त्यावर. जुना पेपर, टॉवेलचा तुकडा. एकदा तर स्वतःच्या बनियनवर घेतला त्यांनी, आणि सत्यम्मानं बाहेरून जी काय तेलुगूत सरबत्ती केली, आहाहा! शेडमध्ये एक दोरी होती, तिच्यावर हे सगळे शेवटचे हात लटकलेले. ते विकायचे नाहीत, द्यायचे नाहीत. शेवटचा हात घेतल्याशिवाय मामांनी स्क्रीनला पाणी लावलंय असं कधी झालं नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या राजीच्या मित्रमंडळींना ते हसू यायचं. मला नाही यायचं. मला तो नियम पक्का माहीत होता.

हे मी मुद्दाम सांगतेय. मला माहीत होता.

मग सत्यम्मा गेल्या. खोकला होता, दुर्लक्ष केलं, गेल्या. घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता — पण त्याला काय फोटो म्हणायचं? त्यात माणूस स्वतःला ओळखत नाही. राजीनं वर्षभर आईचं चित्र काढायचा प्रयत्न केला. कुंभारीची गल्ली झाली, पिवळ्या भिंती झाल्या, निळं दार झालं, लाल तोरण झालं. एकेक रंग छापून त्याच चित्राच्या कागदांचा गठ्ठा तयार. फक्त उंबऱ्यातली बाई होईना. काढायची, पुसायची, काढायची. मग एका सकाळी मामांनी तिला म्हटलं, सरक. ज्या माणसानं आयुष्यात टॉवेलवरच्या मोरापलीकडं काही काढलं नव्हतं, त्यानं ब्रश इमल्शनमध्ये बुडवला आणि थेट जाळीवर काम सुरू केलं. खाली कागद नाही, रेघ नाही, काही नाही. तिच्या भोवतालची सगळी जागा ते बंद करत गेले, आणि जी उघडी राहिली ती सत्यम्मा. मांडीवर सूप, सुपात विडीची पानं, मान जराशी खाली. मी तिथं होते. मामांचं ते काम बघताना मला रडू आलं होतं, आणि ते रडणं खरं होतं. म्हणजे बघा — खरं रडू येऊ शकतं माणसाला, आणि तरी…

तरी काय? बोल ना शिवलीला.

पुण्याचे एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांचा यात काही दोष नाही, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. राजीची चित्रं त्यांना कुणीतरी दाखवली होती आणि सत्यम्माचं चित्र पुरं झालं की सगळा गठ्ठा प्रदर्शनात लावून विकायचा त्यांचा विचार होता. राजी फुलून गेली होती. मी म्हटलं, वा, छान. आणि आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं कोण आलं होतं कुंभारीला? मी. उन्हातान्हात कोण बसलं तिथं? मी. आणि आता पुण्याच्या दहा दिवाणखान्यांत दहा बायका चहा पिता पिता माझ्या सत्यम्माकडं बघणार. माझ्या! बाई राजीची आई, मामांची बायको — आणि मी म्हणत होते माझ्या.

त्या दुपारी राजीनं शेवटचा, गडद रंग घेतला आणि पहिला हात ओढला. जाळी उचलली, आणि खाली सत्यम्मा बसलेली. तो कागद राजीनं माझ्या हातात दिला — पहिला हात अक्काचा. मग म्हणाली, रंग फार दाटतोय, शहरातून रंग पातळ करायचं मीडियम घेऊन येते, मग पुढचे काढू. जाळी पुसून ठेवली, स्कूटी काढली, गेली. मामा समोर घरात जेवायला गेले. शेडमध्ये मी, तो ओला कागद, आणि टेबलावर ती स्क्रीन. तिच्यासारखी दुसरी होणार नाही अशी स्क्रीन. उरलेल्या सगळ्या कागदांवर गल्ली होती, दार होतं, तोरण होतं. उंबरा रिकामा.

माझं मला मिळालेलं होतं, हे लक्षात घ्या. माझ्या हातात होतं. मला फक्त एवढं हवं होतं की दुसऱ्या कुणाला मिळू नये.

मी स्क्रीन उचलली आणि मोरीवर नेली. ब्लीचची बाटली कुठं असते ते मला ठाऊक. ब्रशही ठाऊक. घाई केली नाही मी — लोक म्हणतात ना, क्षणात होऊन गेलं, मला कळलंच नाही. तसलं काही नाही. मला सगळं कळत होतं. आधी सुपाच्या कडा गेल्या, मग हात, मग मान. निळसर पाणी मोरीतून गेलं. जाळी स्वच्छ धुऊन भिंतीला टेकवून ठेवली, धुतलेल्या इतर स्क्रीन असायच्या तिथंच. हात साबणानं धुतले. मग माझा कागद सांभाळून घेतला, दारात आले आणि समोरच्या घराकडं तोंड करून ओरडले, "मामा, मी निघाले हां! शेडवर लक्ष ठेवा!" आतून घास तोंडात असतानाच आवाज आला — "व्हय, व्हय."

ती हाक मी मुद्दाम मारली का? म्हणजे शेडमध्ये शेवटचे कोण होते तर मामा, असं व्हावं म्हणून? हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं फार टाळलं. हो. मुद्दाम मारली.

संध्याकाळी राजीचा फोन आला, नुसतं रडणं. मी रिक्षा करून परत गेले. मामा मोरीपाशी उभे. त्यांचं तेव्हा थोडं विसरणं सुरू झालं होतं. नळ उघडा राहायचा, राजीला कधी सत्यम्मा म्हणून हाक जायची. म्हणून राजीनं एकदाही विचारलं नाही की कुणी धुतली. विचारायचं काय त्यात? मामा मात्र पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "मी न्हाई गं धुतली. धुतली असती तर शेवटचा हात काढला असता की."

त्या शेडमध्ये हे वाक्य समजणारी तीन माणसं. राजीला वाटलं, बाप आता तेही विसरला. मामांना वाटू लागलं, आपण तेही विसरलो. आणि तिसरी मी. मी काय बोलले सांगू? "वय झालं की होतं असं, मामा." मायेनं बोलले. खांद्यावर हात ठेवून.

राजी त्यांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती त्यांच्या बाजूची ब्लीचची बाटली उचलली आणि वरच्या फळीवर ठेवली, लहान पोराच्या हाताला लागू नये म्हणून ठेवतात तशी.

एवढ्यावर थांबले असते तरी — नाही, तरी काही नाही. पण मी थांबलेही नाही. पुढच्या आठवड्यात मी मामांना दुकानात बोलावलं आणि त्यांचे डोळे तपासले. नंबर होता तोच होता. जराही हललेला नव्हता. मी मान हलवली आणि म्हटलं, "बराच बदललाय की हो मामा. अशा नंबरात कुठली स्क्रीन कुठली, कसं कळणार?" नवी फ्रेम दिली, काचा जुन्याच नंबरच्या. राजीला बरं वाटलं. बापाचं डोकं नाही, डोळे चुकले असं तिला धरता आलं. मामांनी चष्मा घातला, भिंतीवरची चित्रं बघितली आणि माझं मन राखायला म्हणाले, आता लई ब्येस दिसतंय. जे आहे ते तोंडावर बोलणारी बाई! हसा आता.

पुण्याचे गृहस्थ आले, रिकामा उंबरा बघून गेले. राजीनं चित्रं बंद केली. पिशव्या, पत्रिका, झेंडे, एवढंच. मामा शेडच्या आत जायचे बंद झाले. ओट्यावर बसून शेंगा सोलायचे. आणि हळूहळू त्यांनी ते कबूल करून टाकलं. कुणी नवं माणूस आलं की स्वतःच सांगायचे, "माझ्याच हातानं धुतली मी तिला." चित्राला नाही, तिला. मी शेजारी बसलेली असायचे. चहा पीत.

आणि ते चित्र? जगात एकच. मला हवं होतं तसं. फ्रेम केली, भिंतीवर लावायला गेले आणि लावता आलं नाही. नंबर तपासायच्या खोलीत अक्षरांचा तक्ता असतो ना, त्याच्यामागं टांगलं. सात वर्षं लोक त्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिले आणि मागं सत्यम्मा मान खाली घालून पानं कापत राहिली. राजीनं ते कधी परत मागितलं नाही. एकदा फक्त म्हणाली, तुझ्याकडं आहे ना अक्का, म्हणजे घरातच आहे.

या उन्हाळ्यात मामा एकटेच दुकानात आले. फ्रेमची काडी मोडली होती. आता डोळे तपासायचं काम माझी पुतणी गौरी करते; शिकून आलीय, मशीन आणलंय, मला हात लावू देत नाही. मामांनी खिशातून दोन चष्मे काढले — एक मोडका, मी दिलेला. एक त्याच्या आधीचा, लागला तर असू दे म्हणून जपून ठेवलेला. गौरीनं सवयीनं दोन्ही मशीनला लावले, मग मामांना खुर्चीत बसवलं, आणि तिथूनच मला हाक मारली, "आत्या, दोन्हीचा नंबर एकच आहे की. आजही तोच आहे. मग दुसरा केला कशाला?"

मशीनला दोष देता आला असता. कारागिराला देता आला असता. माझ्या जिभेवर ते आलंही होतं, खोटं कशाला बोलू. पण मामा खुर्चीतून वळून माझ्याकडं बघत होते, आणि तुम्हाला वाटेल संशयानं — तर नाही. त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हंजे तवा माझे डोळे ठीकच होते की, अक्का?"

त्या माणसाला आनंद झाला होता हो. सात वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर, हातांवर भरवसा न ठेवलेला माणूस खुर्चीत सरळ बसला होता. मी अक्षरांचा तक्ता काढून जमिनीवर ठेवला, मागचं चित्र काढलं, गौरीला म्हटलं दुकान बघ. मामांना घेऊन रिक्षात बसले. वाटेत ते चित्राच्या काचेवर बोट फिरवत होते. मी बाहेर बघत होते. काय सांगायचं ते जुळवत होते का? जुळवायला काही नव्हतंच.

राजी रंग घोटत होती. मी दोघांपुढं उभ्याउभ्याच बोलले. स्क्रीन मामांनी नाही धुतली, मी धुतली. तू शहरात गेलीस तेव्हा. मुद्दाम. राजीनं हातातली पट्टी खाली ठेवली. विचारलं, "का?" मी सांगितलं — माझ्या एकटीकडंच राहावं म्हणून. मग ती म्हणाली, "आणि नान्नांचा चष्मा?" नान्ना म्हणजे तिचे वडील. मी म्हटलं, तोही खोटा.

"तुम्ही जावा आता," राजी म्हणाली.

तुम्ही. तेवढंच बोलली ती, दुसरं काही नाही. चित्र मी टेबलावर ठेवलं आणि निघाले. मामा मात्र कुठं होते ठाऊक आहे? गल्लीत. एका दारातून दुसऱ्या दारात. "मी न्हाई धुतली! ऐकलंस का, मी न्हाई!" आधी मराठीत, मग शेजारणीला तेलुगूत, मग पुन्हा मराठीत. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही, त्यांना वेळच नव्हता. मी त्यांच्या मागून गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि मला रिक्षा मिळेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. खरं सांगते, इतका चांगला आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

मग बरेच दिवस काही नाही. फोन नाही, निरोप नाही. मी गौरीलाही सगळं सांगितलं नाही. ती काय समजायचं ते समजली. दुकानातल्या भिंती तशाच होत्या, पण मला एकही चित्र माझं म्हणवेना. मग एके दिवशी मामांचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही. "रविवारी या. काम हाय."

मी गेले तेव्हा शेडमध्ये ब्लीचची बाटली खालीच होती, मोरीजवळ, तिच्या जुन्या जागी. टेबलावर नवी स्क्रीन. मामांनी पुन्हा काढलं होतं. काही सकाळी चांगल्या जातात त्यांच्या, काही नाही. चांगल्या सकाळी थोडं थोडं करून काढलं. माझं — नाही, ते चित्र जाळीखाली ठेवून बघून बघून. पण हुबेहूब नाही काढलं. पहिल्या वेळी सत्यम्माची मान खाली होती. आता ती कामावरून वर बघतेय, कुणीतरी गल्लीत शिरलंय असं. आणि रिकाम्या उंबऱ्याचे ते कागद राजीनं टाकलेले नव्हते. प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवले होते, इतकी वर्षं, कशासाठी ते ती सांगत नाही. कडा पिवळ्या पडल्या होत्या. कागद थोडा आक्रसला होता, त्यामुळं शेवटचा रंग अगदी चपखल बसत नव्हता, सूप उंबऱ्याच्या रेघेवरून जरासं बाहेर येत होतं. राजीनं एकदा वाकून बघितलं आणि "असू दे" म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

ती एकेक हात ओढत गेली. पहिला हात कुणाचा, हे कुणी बोललं नाही; मामांनी तो उचलून समोर घरात नेऊन ठेवला, जिथं ठेवायला हवा होता तिथं. मी वाळत घालायला कागद घेत होते, मला कुणी सांगितलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. राजी माझ्याशी बोलली ती कामापुरतं. "धरा." "सरका." धरा, सरका, चालेल. जे चालेल ते चालेल.

गठ्ठा संपला. मामांनी इकडं तिकडं बघितलं आणि फळीवरून एक फडकं ओढलं. चष्मा पुसायचं, कधीतरी वाकडं छापलं म्हणून बाजूला टाकलेलं, कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव. ते टेबलावर पसरून त्यांनी स्वतः पट्टी हातात घेतली आणि शेवटचा हात ओढला. सत्यम्मा माझ्या दुकानाच्या नावावर सूप घेऊन बसली. मामांनी फडकं दोरीवर लटकवलं, बनियनच्या शेजारी. मला दिलं नाही. द्यायचंच नसतं ते.

मग स्क्रीन उचलून ते मोरीपाशी गेले. मी दारात होते, तिथंच राहिले. मला ती मोरी बघवत नव्हती. मामांनी वळून बघितलं, ब्रश माझ्यापुढं धरला आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत म्हणाले, "घ्या अक्का. शेवटचा हात काढलाय. आता धुवा — आमच्यासमोर."

माझा हात पुढं होईना. मामा ब्रश धरून उभेच. मी राजीकडं बघितलं. ती रंगाचा डबा बंद करत होती. तिनं झाकण घट्ट लावलं, हात पुसले, माझ्या शेजारून मोरीपर्यंत गेली आणि नळ सोडला.